माझ्या वतीनं दिलेला होकार

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं नाही. माझ्या खुर्चीमागं उभ्या असलेल्या दादाला त्यांनी विचारलं, “यांना कळतं का?”

“कळतं की, सायब. समदं कळतं. फकस्त बोलाय येत न्हाई.”

जमिनीच्या नोंदणीचं कार्यालय. तालुक्याचं नाव देत नाही. असं कार्यालय प्रत्येक तालुक्यात आहे. मी चाकाच्या खुर्चीत. अंगावर नवी मोरपंखी साडी, घडीच्या रेघासुद्धा मोडल्या नव्हत्या. गळ्याभोवती टॉवेल, कारण माझी लाळ गळते आणि फोटोत साडी खराब दिसू नये असं वहिनीचं म्हणणं. शेजारी आक्का, माझी थोरली बहीण. तिच्याही अंगावर नवी साडी. आमच्याकडं रीत आहे. बाप गेला की बहिणी जमिनीवरचा हक्क सोडतात. भाऊ साडी नेसवतो, गाडी करून कार्यालयात नेतो, सही झाली की हाटेलात जेवायला घालतो. याला हक्कसोड म्हणतात. जी बहीण सोडत नाही तिचं माहेर तुटतं. त्याला कोर्ट लागत नाही. वहिनीनं चहाला विचारलं नाही की तुटलं.

साहेबांनी दस्ताची पानं चाळली. विचारायचं म्हणून विचारलं, “दस्त मान्य आहे का? स्वखुशीनं सोडताय ना?”

प्रश्न मला होता. नजर दादाकडं होती.

मी म्हणाले, “न्हाई.”

माझं ‘न्हाई’ कसं येतं ते सांगते. आधी मान मागं जाते. डावा हात उडतो. तोंड वाकडं होऊन उघडतं आणि मग आवाज फुटतो. परक्याला ते हंबरल्यासारखं वाटतं. घरच्यांना वाटायचं कारण नाही. त्यांनी तो आवाज माझ्या जन्मापासून ऐकलाय.

“काय म्हणाल्या?” साहेबांनी दादाला विचारलं.

“व्हय म्हणती, सायब. खुशीनं सोडतीय.”

मी परत म्हणाले. जोरात. खुर्ची हलली. दस्त लिहिणारा बाजूला उभा होता, तो म्हणाला, “लय खूश झाल्यात, सायब!” साहेबही हसले. “बरंय की, दादा. घरात एक तरी बाई कमी बोलणारी पाहिजे.” सगळं कार्यालय हसलं. दादा हसला. मी आक्काकडं पाहिलं. आक्काला माझा शब्द न् शब्द कळतो. तिनं पदर सारखा केला आणि वर पंख्याकडं बघत राहिली.

मग फोटो. मग अंगठा. मला वाचता येतं. तो दस्त मी वाचला होता, दादानं टेबलावर ठेवला तेव्हा, उलट्या बाजूनं. पण हातात पेन धरवत नाही, म्हणून अंगठा. काचेवर अंगठा ठरेना. “थम येईना, दादा. धरा की जरा,” ऑपरेटर म्हणाला. दादानं माझं मनगट धरलं आणि दाबलं. मी हात ओढत होते. बघणाऱ्याला वाटलं, आजारानं हात उडतोय.

तेवढ्यात सर्व्हर गेला.

मला देवानं वाचवलं नाही, कायद्यानं तर नाहीच. सर्व्हर गेला म्हणून वाचले. ऑपरेटर म्हणाला, आज काही होत नाही, दिवाळी झाल्यावर या.

परतताना गावाची कमान आली तेव्हा दादा पुढच्या सीटवरून, मागं न बघता म्हणाला, “न्हाई म्हणून जाशील कुठं गं, बाळे?”

म्हणजे त्याला कळलं होतं.

माझं वय सत्तेचाळीस. घरात मला अजून बाळी म्हणतात. जन्मताना डोक्याला प्राणवायू कमी पडला. डोकं शाबूत राहिलं, स्नायू ऐकत नाहीत. पाय, हात, मान, जीभ. जीभ सगळ्यात कमी ऐकते. शाळेत घेतलं नाही. गुरुजी म्हणाले, पोरं घाबरतात. दादा घरी मोठ्यानं धडे वाचायचा, आई पुस्तक माझ्यासमोर धरायची, तशी मी वाचायला शिकले.

आणि मी घर चालवलं. हे कुणी कबूल करणार नाही, म्हणून मीच सांगते. कामाची यादी डोक्यात ठेवायची मला सवय आहे. कागदावर लिहिता येत नाही, त्यामुळं विसरूनही चालत नाही. सिलिंडर कधी लावला. आबांच्या गोळ्या कधी संपणार. कुठल्या वावराला पाण्याची पाळी कधी. लग्नाचा आहेर कुणाकडून काय आला आणि आता परत काय करायचा. सकाळी मी आईला सांगायची, आई घराला सांगायची. आई माझं बोलणं जसंच्या तसं पोचवायची. मी शिवी दिली तर शिवीसकट.

दादाचं तसं नव्हतं. तो लहानपणापासून माझं बोलणं गोड करून सांगायचा. पाहुण्यांसमोर मी म्हणायची, चहा पाणचट झालाय. तो सांगायचा, “च्या मस्त झालाय म्हणती.” पाहुणे खूश. एकदा आमदारांच्या माणसांनी गावात अपंगांसाठी शिबिर घेतलं. विचारलं, बाळीला काय पाहिजे? मी म्हणाले, मला शिकायचंय. दादा म्हणाला, “टीव्ही पायजे म्हणती.” सगळे हसले. टीव्ही आला. तो दादाच्या खोलीत लागला. त्यानं मला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली, हेही खरं आहे. तापात रात्रभर उशाशी बसला, हेही खरं. पण माझं एक वाक्य त्यानं कधी सरळ पोचवलं नाही. आई होती तोवर चाललं. आई गेली आणि माझ्या तोंडाचा सगळा ताबा दादाकडं गेला. मग आबाही गेले. सातबाऱ्यावर आमची तिघांची नावं लागली. आणि तिसऱ्या महिन्यात साड्या आल्या.

मी सही का देत नव्हते? हावरेपणा नाही. मला त्यांचा बेत माहीत होता. माझ्यासमोर लोक काहीही बोलतात. कपाटासमोर बोलावं तसं. वहिनी माझ्यापुढं भाजी निवडत दादाला म्हणाली होती, “आदी सही हूं द्या. मग सांगलीला संस्थेत ठिवूया तिला. तिथं तिच्यावानी लय असत्यात. करमंल तिला.” दादा म्हणाला, “बघू.” आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे ठरलं.

दिवाळीआधी दादा मला सांगलीला घेऊन गेला. तपासणी, असं सांगून. संस्थेचं नाव देत नाही. नदीपलीकडची दोनमजली इमारत. आत ओळीनं लोखंडी खाटा. खाटांवर बायका, सगळ्यांना एकाच रंगाचे गाऊन, सगळ्यांचे केस पोरांसारखे कापलेले. मॅनेजर दादाला म्हणाले, “केस कापावे लागतील यांचे. उवा फार होतात.” माझी वेणी कमरेपर्यंत आहे. माझ्यासमोर, माझ्या केसांचा निकाल झाला. दादा म्हणाला, “कापा की.”

त्या इमारतीत एक मुलगी भेटली. यास्मिन. मिरजेची, बोलण्याचे उपचार करणारी, आठवड्यातून एकदा तिथं यायची. तिनं मला विचारलं, काय त्रास आहे. मी बोलले. दादानं सांगायला तोंड उघडलं, तशी ती म्हणाली, “तुम्ही थांबा हो. मावशी, परत सांगा. घाई नाही.”

मी परत सांगितलं. तिला कळलं नाही. तिनं तिसऱ्यांदा विचारलं. चौथ्यांदा. मला घाम फुटला, दादा घड्याळ बघायला लागला, ती हलली नाही. मग म्हणाली, “आमचे अब्बा सतारी करतात. एकेक तार पिळत ऐकत बसतात, ऐकत बसतात. लागली म्हणेपर्यंत उठत नाहीत. तुम्ही बोला.”

कळलं नाही म्हणून मलाच परत विचारणारं पहिलं माणूस. नाहीतर कळलं नाही की लोक शेजारच्याला विचारतात.

तिनं फोनमधलं एक ॲप दाखवलं. माझ्यासारख्यांचं बोलणं ओळखायला ते शिकतं. साध्या माणसाचं बोलणं कुठल्याही फोनला कळतं, माझं कळत नाही, कारण माझे सूर कुठं तुटतात ते त्याला ठाऊक नसतं. ते शिकवायचं. ठरलेली वाक्यं आपल्याच आवाजात परत परत बोलायची. ढीगभर. मग हळूहळू फोन ओळखतो, वाक्य पडद्यावर लिहितो आणि स्वच्छ आवाजात म्हणून दाखवतो. आबांचा जुना फोन माझ्याकडं होता. त्यात तिनं ते घालून दिलं, खुर्चीच्या हाताला फोन अडकवायची पट्टी लावून दिली. दादा परत घड्याळ बघत होता. घरी आल्यावर वहिनी म्हणाली, “बरं झालं. तेवढीच गुतून ऱ्हाईल.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी शिकवायला बसले. पडद्यावर एकेक वाक्य येई.

मला तहान लागली आहे. मला कुशीवर वळवा. पंखा लावा. आज मला बरं वाटत आहे. तुम्ही किती चांगले आहात. कृपया मदत करा. मी आपली आभारी आहे. धन्यवाद. खूप धन्यवाद.

मी सगळी यादी आधी वाचून काढली. काम सुरू करण्याआधी काय करायचंय ते पूर्ण बघायचं, ही माझी पद्धत. शेवटपर्यंत वाचली आणि थांबले. त्यात ‘नाही’ नव्हतं. कुठंच. तहान होती, भूक होती, संडास होता, आभार तर पावलोपावली होते. नको म्हणायची सोय नव्हती. भांडायची नव्हती. हिशेब मागायची नव्हती. कुणीतरी शिकलेल्या माणसानं, कुठंतरी चांगल्या खोलीत बसून, माझ्यासारखी बाई जन्मभर काय बोलेल याची यादी केली होती. खाटेवर पडून पाणी मागेल आणि पाणी दिल्यावर आभार मानेल. याच्यापलीकडं तिला वाक्य लागेल, हे त्याच्या डोक्यात आलंच नाही.

दादानं एका कार्यालयात माझं ‘न्हाई’ खाल्लं होतं. इथं ते जन्मालाच घातलं नव्हतं.

त्या दुपारी मला जो राग आला तो दादावरही आला नव्हता. दादा लबाड होता. हे लोक चांगले होते.

आभाराची सगळी वाक्यं मी काढून टाकली. ॲपमध्ये आपली वाक्यं घालता येतात. डाव्या हाताच्या एका बोटाच्या पेरानं मी टाइप करते. एका वाक्याला दुपार जाते. गेली. मी माझी यादी केली.

नाही. मला मान्य नाही. मी सही करणार नाही. मी हक्क सोडणार नाही. मी कुठंही जाणार नाही. मला विचारा, त्याला विचारू नका. तू खोटं सांगतोयस. माझ्या वतीनं बोलू नको. परत विचारा. थांबा, माझं झालं नाही.

यास्मिन दर आठवड्याला व्हिडिओवर बोलायची. तिनं यादी वाचली.

“मावशी, घरात भांडण चाललंय काय?”

मी बोलले. फोननं लिहिलं ते तिनं वाचलं: “अजून नाही. होणार आहे.”

ती हसली, मग गंभीर झाली. म्हणाली, “ही वाक्यं आमच्या यादीत असायला पाहिजे होती.” मी म्हणाले, होय. तिला बरं वाटावं म्हणून दुसरं काही म्हणाले नाही.

मग मी रोज बोलले. सोप्यात, घराच्या मधोमध, उघड्या दारात. ऊसतोडीचे ट्रॅक्टर गाणी वाजवत गेले की थांबायचं, गेले की परत सुरू. ‘मी सही करणार नाही.’ ‘मी सही करणार नाही.’ वहिनी शेजारून सूप घेऊन जायची, दादा ओट्यावर बसून तंबाखू मळायचा. मी त्यांच्या तोंडावर त्यांच्याविरुद्ध बंड पाठ करत होते आणि त्यांना ते जनावराचं हंबरणं वाटत होतं. वहिनी म्हणायची, “आवं, कान किटलं माजं. दिसभर वरडती नुसती.” दादाला कळत असे, पण आता तो ऐकतच नव्हता. माझं बोलणं ऐकायची गरज त्याला फक्त चारचौघांत, खोटं सांगण्यापुरती पडायची.

भाऊबीजेला आक्का आली. वाळव्याकडं दिलीय तिला. ओवाळणी झाली, ती माझ्याजवळ येऊन बसली. मी सराव थांबवला नाही. ‘मी हक्क सोडणार नाही.’ तिचा हात माझ्या वेणीत होता, तो थांबला. तिनं दाराकडं बघितलं. वहिनी आत होती.

“आगं, गप. काय बोलतीयास ही?”

मी परत म्हणाले.

“भावाशी वैर धरून ऱ्हाशील कुठं? खाशील कुणाच्यातलं?”

मी विचारलं, “तू त्या दिवशी गप्प का राहिलीस?”

तिनं माझी वेणी सोडून पुन्हा घातली, घट्ट. मग म्हणाली, “मला म्हायेर पायजे गं.” तिनं दादाला काही सांगितलं नाही. तेवढं तिनं केलं. मी त्याला उपकार म्हणत नाही.

दिवाळी झाली. परत गाडी, परत त्याच साड्या, परत टॉवेल. फोन खुर्चीला अडकवलेला. दादा म्हणाला, “फोन कशाला त्यो?” वहिनी म्हणाली, “असू द्या वो. गाणी ऐकत बसती.”

तेच साहेब. तोच प्रश्न. मान्य आहे का? नजर तशीच दादाकडं.

मी बोलले. माझा आवाज आधी गेला, हंबरल्यासारखाच. मग फोनचा आला. शहरातल्या बाईचा, एसटी स्टँडवर गाड्या सांगतात तसला, गुळगुळीत. माझा नाही तो. मला आवडतही नाही. पण तो कार्यालयभर ऐकू गेला.

“नाही. मला मान्य नाही. मी हक्क सोडणार नाही.”

साहेबांनी मान वर केली आणि माझ्या मागं बघितलं. दुसरी कोण बाई आली, ते शोधत होते.

“कोण बोललं?”

“मला विचारा, त्याला विचारू नका,” फोन म्हणाला.

तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं. पहिल्यांदा. आणि काय म्हणाले? “मोबाईल बंद करा. इथं मनाई आहे.” भिंतीवर तशी पाटी होती. पाटीखाली उभा राहून दस्त लिहिणारा कुणाशी तरी मोबाईलवरच बोलत होता.

मी बंद केला नाही. वाक्य परत म्हटलं. मग साहेबांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. ते दादाकडं वळले आणि त्यांनी विचारलं, “दादा, हे यांचंच म्हणणं आहे का?”

दादाचा चेहरा पांढरा पडला होता. तरी तो म्हणाला, “आवं सायब, मशीन हाय ते. कुनीतरी भरून दिलंय त्यात. तिला काय कळतंय?”

याच माणसानं याच टेबलासमोर सांगितलं होतं, तिला सगळं कळतं. कळणं त्याच्या सोयीचं होतं तेव्हा मला कळत होतं. आता कळेनासं झालं.

“बरोबर आहे,” साहेब म्हणाले. “मशीनचं म्हणणं मी कसं धरू?”

याला माझ्या यादीत वाक्य नव्हतं. मी सगळी तयारी केली होती, ही केली नव्हती. शिकवलेली वाक्यं फोनला चांगली कळतात, नवीन बोललं की तो चाचपडतो. मी नवीन बोलले. त्यानं भलतंच काहीतरी लिहिलं, ताक, बैल असलं काही. मागून हसू आलं. मी परत बोलले. परत चूक. गळ्यावरचा टॉवेल भिजला होता. मान आवरेना. साहेबांनी पुढचा कागद हातात घेतला. मी तिसऱ्यांदा बोलले, शब्द तोडून, एकेक.

“साहेब. मला. काहीही. विचारा.”

त्यांना गंमत वाटली असावी. टेकून बसत म्हणाले, “बरं, सांगा. मी कोण?”

मी बोलले. फोनला सगळं धरता आलं नाही. जेवढं आलं तेवढं त्यानं त्या गुळगुळीत आवाजात सांगितलं: “मागच्या वेळी... तुम्ही हसला... कमी बोलणारी बाई.”

कुणी हसलं नाही. ऑपरेटर कीबोर्डकडं बघू लागला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. माफी मागितली नाही. मला काही म्हणालेच नाहीत. दस्त दादाकडं सरकवला. “यांचं नाव वगळून नवीन करून आणा.” आणि पुढचा टोकन नंबर पुकारला.

दुपारपर्यंत नवा दस्त झाला. आक्कानं सही केली. तिची इंग्रजीसारखी वळणदार सही, मी व्हरांड्यातून बघितली. दादा माझ्याजवळून गेला तो थांबला नाही. आक्का बाहेर आली, माझ्या खुर्चीशेजारी पायरीवर बसली आणि रडायला लागली.

“तुज्यामुळं माजंबी म्हायेर तुटंल आता. त्यो म्हणंल, तूच शिकीवलंस.”

मी फोनशिवाय बोलले. तिला फोन लागत नाही.

“तुटू दे.”

घरी चूल वेगळी झाली. मागच्या खोलीत माझं सामान ठेवलं. वस्तीवरची एक बाई दोन वेळा येते, अंघोळ घालते, भाकरी करते. वहिनी तिच्याशीही बोलत नाही. पूर्वी माझ्यासमोर सगळी सगळं बोलायची. आता माझी खुर्ची सोप्यात आली की घर गप्प होतं. माझ्यापुढं जपून बोलायला लागतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी समजलंय. मला याचा आनंद होतो असं कुणाला वाटत असेल तर वाटू दे. होत नाही. पण मी ते बदलूही इच्छित नाही.

मी तहसीलला वाटपाचा अर्ज दिला. दादानं त्यावर वकील केला आणि साताऱ्याला, आमच्या जिल्ह्याच्या कचेरीत, उलटा अर्ज टाकला: बहीण मतिमंद आहे, तिला बरंवाईट कळत नाही, तिचा पालक म्हणून माझी नेमणूक करावी. म्हणजे माझ्या तोंडाचा ताबा आता त्याला सरकारी शिक्क्यानिशी पाहिजे. तो मिळाला की सहीही तोच करणार, मला संस्थेत टाकायचा निर्णयही तोच घेणार, आणि माझे केस कापा म्हणूनही तोच सांगणार.

मागच्या महिन्यात सांगलीहून मॅनेजरांचा फोन आला. त्यांचा वार्षिक कार्यक्रम आहे. देणगीदार येणार आहेत. मी स्टेजवर येऊन फोनवरून दोन शब्द बोलावेत. काय बोलायचं ते त्यांनी लिहूनच पाठवलं: ‘मी मुकी होते. या यंत्रानं मला आवाज दिला. मी आपणा सर्वांची ऋणी आहे.’ मग गोड आवाजात म्हणाले, “तुमच्या केसमध्ये आमचा दाखला लागेलच ना? की यांना सगळं समजतं म्हणून? तो देऊन टाकू.”

तो दाखला मला लागत होता. फार लागत होता. माझ्या अर्जाचं काम बघणाऱ्या वकीलबाईंनी तसं सांगितलं होतं. एक संध्याकाळ मी विचार केला. मग उत्तर बोलले. फोननं लिहिलं, मी चुका काढल्या आणि पाठवलं.

‘मी मुकी कधीच नव्हते. आभाराची वाक्यं मी माझ्या फोनमधून काढून टाकली आहेत. ती परत घालणार नाही.’

दाखला आला नाही.

यंत्राबद्दल लोक विचारतात म्हणून सांगते. ते चांगलं आहे. ज्याला लागेल त्यानं घ्यावं. पण उद्या ते बंद पडेल. कंपनी ते काढून घेईल, पैसे मागेल, नाहीतर आबांचा फोन मरेल. त्याच्या भरवशावर मी माणूस ठरणार असेन तर दादाच्या जागी मी फोन बसवला, एवढंच झालं. तसं मी होऊ देणार नाही. हेही मी फोनला बोलूनच लिहिलंय. एका बोटानं दुरुस्त केलंय, अनेक दुपारी. कुणालाही आधी वाचायला दिलं नाही. यास्मिनलासुद्धा नाही. ती मायेनं चार ठिकाणी मऊ करेल.

साताऱ्याची तारीख लागलीय. तिथं डॉक्टर असतील, अधिकारी असतील, दादाचा वकील असेल. तो म्हणणार, मशीनचं ऐकू नका. बरं. मशीन बाजूला ठेवते. माझ्या घशानं बोलते. कळलं नाही तर परत विचारा. परत कळलं नाही तर परत. सकाळची दुपार होईल, दुपारची संध्याकाळ होईल. बाकीच्या केसेस थांबतील, साहेब लोकांची जेवणं थांबतील. थांबू देत.

यास्मिन म्हणाली, मी येते सोबत. मी तिला सांगितलं, ये. पण मागच्या बाकावर बसायचं. आक्का आली तर तिनंही. माझ्या खुर्चीजवळ कुणीही उभं राहायचं नाही. ज्याला उत्तर पाहिजे, त्यानं माझ्या तोंडाकडं बघायचं आणि ते येईपर्यंत थांबायचं.